काचेच्या मण्यांचा छंद धंद्यात उतरवताना: आधी ज्योतीसमोरचे तास मोजा

प्रश्न (नाशिकहून, थोडक्यात): मी बँकेत नोकरी करते. एका कार्यशाळेत टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काचेचे मणी करायला शिकले आणि नादच लागला. बाल्कनीत छोटी जागा केली आहे. मैत्रिणी, ऑफिसातल्या बायका कानातले मागून नेतात. चांदीच्या हुकासह जोडीला ₹२०० घेते. आता ओळखीबाहेरच्या ऑर्डरी येऊ लागल्या आहेत. धंदा म्हणून सुरू करावं का? भट्टी घ्यावी का? कागदपत्रं काय लागतात? आणि नोकरीचं काय करू?

उत्तर:

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहिला आहे: जोडीला ₹२००. बाकीच्या प्रश्नांकडे वळूच, पण आधी या दोनशेची फोड करू.

समजा, एका जोडीला टॉर्चवर ४० मिनिटं लागतात. नुसता मणी गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही. पण ठिपके, रेघा, त्यावर पारदर्शक काचेचा थर आणि मुख्य म्हणजे दुसरा मणी पहिल्यासारखा आणणं, हे सगळं धरलं तर लागतो. पुढे ज्या सळईवर काच गुंडाळली तिच्यावरून मणी काढणं, भोक साफ करणं, हुकात ओवणं, डबीत घालणं, यात आणखी २० मिनिटं. मजुरी तासाला ₹३०० धरू. टॉर्चची मजुरी ₹२००, जुळणीची ₹१००. काच ₹३०, गॅस, ऑक्सिजन आणि भट्टीची वीज मिळून ₹५०, चांदीचे हुक ₹१२०, डबी ₹३०. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा. आता वहीत सहसा कोणी न लिहिणारी ओळ: वाया गेलेला माल. पाचांतली एक जोडी तडकली, भोक तिरकं गेलं किंवा रंग फसला, की ज्योतीवरचा सगळा खर्च (मजुरी, इंधन, काच मिळून ₹२८०) उरलेल्या चार जोड्यांवर बसतो आणि ₹३५० होतो. त्यात जुळणी, हुक, डबीचे ₹२५० घाला. झाले ₹६००. यात टॉर्च-भट्टीची झीज, स्टॉलचं भाडं आणि न खपलेला माल अजून धरलेलाच नाही.

दुकानात ठेवायला दिलं तर ३० ते ४० टक्के कमिशन सर्रास जातं. ₹१,२०० किंमत लावली आणि ३५ टक्के गेले, की हाती येतात ₹७८०. सहाशे वजा जाता ₹१८० उरले, त्यातून धंदा चालायचा. तुम्ही दोनशेला देता तेव्हा हुक आणि डबीतच दीडशे गेलेले असतात. उरलेल्या पन्नासात काच, गॅस आणि तुमचा तासभर.

नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास मिळाले असं धरा. वरच्या हिशेबाने एका चांगल्या जोडीला नासाडीसकट सुमारे ७० मिनिटं पडतात, म्हणजे आठवड्याला आठ-नऊ जोड्या, महिन्याला पस्तीसच्या आसपास. हीच तुमची क्षमता. भाव, नक्षी, गिऱ्हाईक, भट्टी, नोकरी, हे सगळे निर्णय या पस्तिसाच्या आत बसवायचे आहेत. भाव कमी ठेवून जास्त विकू, ही वाट तुम्हाला उपलब्धच नाही, कारण जास्त माल येणार कुठून?

काचेत मात्र काटकसर करू नका. १२ मिमीचा गोल मणी भरतो जेमतेम सव्वादोन ग्रॅम; किलोभर काचेत चारशेच्या वर मणी होतात. स्वस्त कांडी घेऊन वाचतात ते चार-दोन रुपये आणि त्यापायी अख्खा तास धोक्यात येतो.

आता स्पर्धेचं. मुंबईत भुलेश्वरला किंवा पुण्यात रविवार पेठेत एक चक्कर मारा. काचमण्यांच्या माळा ढिगाने लटकत असतात. त्यातल्या देशी मालामागे उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद, हाथरस जिल्ह्यातलं पुर्दिलनगर आणि वाराणसी आहे. आंध्रात श्रीकालहस्तीजवळच्या पापनायडुपेटमध्ये काचेची नळी ओढून बारीक मणी करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. बाहेरच्या देशांत साच्यातल्या मण्यांसाठी चेक प्रजासत्ताकातलं याब्लोनेत्स प्रसिद्ध आहे. या गावांतला कारागीर एकरंगी गोल मणी ज्या वेगाने आणि ज्या सफाईने उतरवतो, तो वेग आपल्याला या जन्मात येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण एकरंगी गोल मणी विकायलाही बसू नका. दोन नक्षीच्या मण्यांमध्ये भर म्हणून हवे असतील तर सरळ विकत आणा आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. हाताने केलेला मणी कोणता आणि आणलेला कोणता, हे लपवणाऱ्यांचं पितळ प्रदर्शनात शेजारचाच स्टॉलवाला उघडं पाडतो.

तसंच काचेसाठी प्रसिद्ध ‘मुरानो’ या इटालियन बेटाच्या नावाचं. इटलीहून आलेली कांडी नाशिकच्या बाल्कनीत वितळवून केलेला मणी मुरानोचा होत नाही. व्हेनिसच्या काचभट्ट्या १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवल्या गेल्या. तिथल्या कारागिरांसाठी आज स्वतंत्र बोधचिन्ह आहे. इटली आणि फ्रान्समधल्या काचमण्यांच्या कलेला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे वाराणसीच्या काचमण्यांना भौगोलिक निर्देशांक (जीआय) आहे. ही नावं त्या त्या गावांची आहेत. ‘इटालियन काचेच्या कांडीपासून नाशिकमध्ये हाताने घडवलेला’ असं लिहा. त्याने विक्री घटत नाही, मी बघत आले आहे.

मग करायचं काय? चार-पाच नक्ष्या ठरवा आणि वर्षभर त्याच करा. छंदाची मजा रोज नवं करण्यात असते, त्यामुळे हे सांगितलं की नवे लोक नाराज होतात. पण गिऱ्हाईक परत येतं तेव्हा ‘मागच्या वेळचे ते निळे’ मागतं, आणि ते तुम्हाला तसेच करता आले पाहिजेत. जोडी जुळवणं हीच या कामातली खरी परीक्षा आहे. कांडीवर खूण करून दोन्ही मण्यांना सारखीच लांबी वितळवा, ग्रॅफाइटच्या किंवा पितळी साच्यात आकार द्या, आणि एका बैठकीत एकाच नक्षीचे पाच-सहा मणी करून जोड्या दुसऱ्या दिवशी लावा. तापलेल्या काचेचा रंग खरा दिसत नाही. लाल-केशरी तर गार होईपर्यंत ओळखूच येत नाहीत. काही काचा एकमेकींच्या अंगाला लागल्या की रंग बदलतात. हस्तिदंती काचेवर फिरोजी घातली की मध्ये काळपट रेघ उमटते, कारण एकीत गंधक आणि दुसरीत तांबं. काहींना ती रेघ डाग वाटते. मला वाटतं, ती मुद्दाम वापरावी. यंत्राच्या मण्यात असली गंमत सापडत नाही आणि गिऱ्हाइकाला दाखवायला तुमच्याकडे एक गोष्ट मिळते.

वजनाकडेही लक्ष असू द्या. मणी १२ मिमीवरून १६ मिमीचा केला की डोळ्याला थोडाच मोठा दिसतो, पण वजन सव्वादोनवरून पाच-साडेपाच ग्रॅमवर जातं. कानाच्या पाळीला तो फरक दुपारपर्यंत कळतो. फोटोखाली वजन ग्रॅममध्ये लिहिण्याची सवय लावा. ते वाचून घेणाऱ्या बायका माल परत पाठवत नाहीत.

भट्टीचा प्रश्न तुम्ही ‘घ्यावी का’ असा विचारलात. विकायचं असेल तर मणी भट्टीतून जायलाच हवा, भट्टी मालकीची असो वा नसो. ज्योतीतून काढलेल्या मण्याचं बाहेरचं अंग आधी गार होऊन घट्ट होतं, आतलं नंतर आकसतं, आणि तो ताण काचेत कोंडून राहतो. मणी दिसायला निर्दोष असतो. मग दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात, कधी थंडीत, कधी बेसिनवर हलकासा आपटून, त्याचे दोन तुकडे होतात. यावर उपाय अ‍ॅनिलिंग. तुम्ही बहुधा वापरता त्या १०४ प्रसरणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते, त्याचा आकडा) मऊ काचेसाठी साधारण ५१० ते ५२० अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा जास्त धरून ठेवायचं आणि मग सावकाश उतरवायचं. मणी जितका जाड तितका जास्त वेळ. बोरोसिलिकेट (थोडक्यात बोरो) या कडक काचेला ५६५ च्या आसपास. नेमका तक्ता काच बनवणारी कंपनी देते, तोच पाळा. व्हर्मिक्युलाइट या हलक्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या डब्यात किंवा सिरॅमिक ब्लँकेटमध्ये खुपसून ठेवल्याने मणी हळू गार होतो, लगेच तडकत नाही. पण ते अ‍ॅनिलिंग नाही, आणि ‘अ‍ॅनिल केलेले’ म्हणून तो माल विकणं खोटेपणा आहे.

तुमच्या सोयीची गोष्ट अशी की डब्यात गार केलेले मणी नंतर एकगठ्ठा भट्टीत घालून अ‍ॅनिल करता येतात. नाशिकमध्ये एखाद्या सिरॅमिक स्टुडिओत डिजिटल कंट्रोलरची विजेची भट्टी असेल तर महिन्यातून एकदा भाड्याने मिळते का बघा. मातीकाम करणारे १,००० अंशांच्या वर काम करतात, त्यांना पाचशे अंश म्हणजे काहीच वाटत नाही; त्यामुळे कंट्रोलर त्या पट्ट्यात नीट स्थिर राहतो ना, हे रिकाम्या भट्टीवर आधी तपासा. ग्लेझ (भांड्यांवरचा चकचकीत लेप) दिलेल्या मालाबरोबर मणी घालू नका. पहिलं वर्ष असं काढलं तर स्वतःची भट्टी किती मोठी हवी, हेही कळतं. पडताळणीला स्वस्त साधन आहे: पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे. एकमेकांवर आडवे धरून मागून उजेड सोडला की ते अंधारतात. मध्ये पारदर्शक मणी धरला आणि त्यात उजळ डाग दिसले, तर आत ताण आहे. अपारदर्शक मण्याला ही युक्ती चालत नाही, तिथे तक्त्यावरच विसंबावं लागतं.

ताणाचं दुसरं कारण म्हणजे न जमणाऱ्या काचा. १०४ ची काच ९० च्या काचेशी वितळताना छान मिसळते आणि गार होताना भांडते. मग कितीही अ‍ॅनिल करा. अनोळखी कांडी हाती आली तर तुमच्या नेहमीच्या कांडीचा आणि तिचा एकेक गोळा शेजारी शेजारी जोडून बारीक तार ओढा. गार झाल्यावर तार सरळ राहिली तर जमतं. वाकली, तर वळणाच्या आतल्या बाजूची काच जास्त आकसते आहे असं समजा आणि त्या दोघींना एका मण्यात आणू नका.

हे सांगायचं खास कारण आहे. थोडं नाव झालं की कोणीतरी आजीच्या हिरव्या बांगडीचे तुकडे घेऊन तुमच्याकडे येणार: ‘याचा मणी करून द्याल?’ काम सुंदर आहे, भावही चांगला मिळतो, पण अटी आधीच स्पष्ट सांगा. बांगडीची काच तुमच्या काचेशी जमेल याची खात्री नसते, म्हणून मणी निव्वळ बांगडीचाच करायचा, वर नक्षी चढवायची नाही. वरचं सोनेरी काम ज्योतीत जळून जातं. तुकडे तडतडून उडतात, त्यामुळे भट्टीत आधी तापवून घ्यावे लागतात. काही तुकडे वाया जाणार, हे लेखी कबूल करून घ्या आणि एक तुकडा न वितळवता परत द्या.

मंगळसूत्राबद्दलही लोक विचारतील. काळी पोत काचेचीच असते, पण ते बारीक मणी टॉर्चवर करत बसू नका. ते काम यंत्रांनी आणि नळी ओढणाऱ्यांनी केव्हाच स्वस्त केलं आहे. दोन वाट्यांच्या जागी किंवा त्यांच्या सोबतीला एखादा काचेचा मणी मागणाऱ्या तरुण मुली मात्र येतात. हा दागिना दिवसरात्र अंगावर राहतो, साबण-पाणी सोसतो, बाथरूमच्या फरशीवरही पडतो. भट्टीतून न गेलेला मणी इथे कधीही देऊ नका.

भोकाकडे वळते. मण्याची दोन्ही टोकं आत वळून हलकी खळी पडलेली असावी. धारदार टोक दोरा कापतं, आणि पारखी गिऱ्हाईक आधी तेच बोटाने चाचपतं. काच सळईला चिकटू नये म्हणून लावलेला पांढरा लेप भोकात राहतो; तो डायमंड रीमरने (हिऱ्याची कणी लावलेली बारीक कानस), पाण्याखाली धरूनच काढा. कोरडा घासलात तर ती धूळ फुफ्फुसात जाते. हुक चांदीचे, ९२.५ चे, हे तुम्ही करता ते योग्यच. निकेलचा मुलामा दिलेल्या हुकांनी बऱ्याच जणींचे कान खाजतात, आणि त्या दोष मण्याला देतात.

बाल्कनीचं ऐकून मला जरा काळजी वाटली. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणं नियमबाह्य आहे. १९ किलोचा व्यावसायिक किंवा ५ किलोचा छोटा घ्या. शेगडीचा रेग्युलेटर टॉर्चला चालत नाही. दाब कमी-जास्त करता येणारा आणि सोबत ज्योत नळीतून मागे जाऊ न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून बाल्कनीला काचा लावून बंद केलं असेल तर खालच्या बाजूने हवा जायला वाट आहे का बघा. ऑक्सिजनसाठी सिलिंडरपेक्षा हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर घरात बरा. कोविडनंतर अनेकांकडे पडून असलेले जुने विकायला निघतात, पण आतला नायट्रोजन शोषणारा झिओलाइट थकलेला असू शकतो. मीटर लावून शुद्धता मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑक्सिजनच्या जोडाला तेल, ग्रीस, खोबरेलाचे हातसुद्धा लागता कामा नयेत. सुती कपडे, बांधलेले केस, खोचलेली ओढणी. सोडियमची पिवळी झळाळी कापणारा डिडिमियम चष्मा असेलच; बोरोकडे गेलात तर त्यावर गडद काच लागते. सोसायटीला आणि घराचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. नाही म्हणाले तर औद्योगिक वसाहतीत कुणाच्या तरी गाळ्याचा कोपरा भाड्याने घ्या.

कागदपत्रं तुम्हाला वाटतात तेवढी जड नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. दहापेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते, तिलाच लोक अजून गुमास्ता म्हणतात. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा ₹४० लाख आहे, तिथे पोचायला तुम्हाला वेळ आहे. अडतं ते ऑनलाइन. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन ई-कॉमर्स मंचावरून राज्यातल्या राज्यात विकता येतं. राज्याबाहेर विकायचं असेल तर हस्तकलेच्या वस्तूंना असलेली सवलत तुमच्या मालाला लागू होते का, हे सीएला विचारूनच पाऊल टाका. काचेचे सुटे मणी (७०१८) आणि तयार इमिटेशन दागिने (७११७) यांचे जीएसटीसाठीचे कोड वेगळे आहेत. इमिटेशन दागिन्यांवर ३ टक्के जीएसटी लागतो. केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र मिळालं तर सरकारी प्रदर्शनांत जागा मागायला उपयोगी पडतं. आणि हो, बँकेत आहात, तर सेवानियमांत जोडधंद्याला परवानगी लागते का, हे सगळ्यात आधी बघा.

विक्रीचं वर्ष आपल्याकडे सणांवर चालतं. नवरात्राचे नऊ रंग ऑफिसातल्या बायकांनी इतके अंगवळणी पाडून घेतले आहेत, की नऊ रंगांच्या नऊ साध्या जोड्यांचा संच हा काचेसाठी जणू बेतलेला बाजार आहे. तो माल गणपतीच्या आधी तयार हवा, म्हणजे सुरुवात आषाढात करायची. संक्रांतीला काळ्या साडीवर उठून दिसेल असं काही डिसेंबरातच करून ठेवा. प्रदर्शनं निवडताना मोठ्या नावाला भुलू नका. स्टॉलचं भाडं भागिले तुमच्या एका जोडीवर उरणारे पैसे, एवढं गणित करा. उत्तर तुमच्या महिन्याच्या पस्तीस जोड्यांच्या वर गेलं तर ते प्रदर्शन तुमच्यासाठी नाही. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवासारख्या ठिकाणी पहिल्या वर्षी नुसतं फिरून या, लोक काय उचलून बघतात आणि काय खाली ठेवतात, ते पाहा. दुकानात आणि स्वतःकडे किंमत एकच ठेवा. दुकानात बाराशे आणि तुमच्याकडे नऊशे असं दिसलं, की दुकानदार माल परत करतो, आणि त्याचं बरोबर असतं.

जुन्या गिऱ्हाइकांना नवा भाव सांगताना अवघड वाटेल. मैत्रिणींना सांगा, अमुक तारखेपर्यंतच्या ऑर्डरी जुन्या दराने, पुढच्या नव्या. त्यातल्या निम्म्या गळतील. त्यांच्यासाठी एकाच मण्याची, पंधरा मिनिटांत होणारी साधी पदकं ठेवा. उरलेल्या तासांत बाहेरच्या ऑर्डरी घ्या.

लग्नातल्या आहेरासाठी ‘दोनशे जोड्या, पंधरा दिवसांत, जरा भाव करून’ अशी मागणी येईल. वरच्या गणिताने दोनशे जोड्या म्हणजे तुमचं जवळपास अर्धं वर्ष. सरळ नाही म्हणा, किंवा नवरीच्या आणि करवल्यांच्या दहा जोड्या पूर्ण भावाने घ्या.

नोकरी सध्या सोडू नका. मुहूर्ताच्या महिन्यांत आणि नवरात्रात विक्री पाहून हुरळायला होतं. पितृपक्षाचा पंधरवडा आणि होळीनंतरचा कडक उन्हाळा मोजा. उन्हाळ्यात टॉर्चसमोर बसणंही होत नाही, उत्पादन निम्म्यावर येतं. दोन वर्षांचे मंद महिने वहीत उतरू द्या. त्या महिन्यांत घरखर्चाचा तुमचा वाटा निघत असेल तर बँकेत आधी बिनपगारी रजा मिळते का विचारा आणि सहा महिने पूर्णवेळ करून बघा. तोवर शनिवारी दोन-दोन जणींना शिकवायला सुरुवात केलीत तर भट्टीचे पैसे त्यातून उभे राहतील. टॉर्च मात्र दोनच ठेवा, आणि शिकणारीने सिलिंडर स्वतः बंद केल्याशिवाय तिला उठू देऊ नका.